इनामदारांचं चंद्राचं घड्याळ

आमच्या ह्यांनी मला घड्याळाचं काम शिकवलं ते नाइलाजानं. मीही ते नाइलाजानंच शिकले, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आले. ते साफ खोटं आहे. मला ते काम पहिल्या दिवसापासून आवडलं होतं, आणि ह्यांच्यापेक्षा माझा हात बरा चालतो हे कळायलाही फार दिवस लागले नव्हते.

सांगलीत हळदीच्या पेठेकडून नदीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान होतं. दुकान कसलं, दीड माणसाची जागा. पुढं काच बसवलेलं टेबल, गिऱ्हाइकाला उभं राहायला दोन पायऱ्या, मागं पडदा आणि पडद्यामागं आमचं बिऱ्हाड. हे मुंबईच्या एका मोठ्या दुकानात काम शिकून आलेले. भारी मनगटी घड्याळ म्हटलं की मिरजेपासून कऱ्हाडापर्यंत लोक ह्यांचं नाव घ्यायचे. हे हसरे होते, बोलघेवडे होते. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता घड्याळ उघडायचे, आणि आतलं नाजूक काम आलं की एकदम गप्प व्हायचे. गिऱ्हाईकही गप्प व्हायचं. मला ते लय आवडायचं.

लढाई सुरू झाली त्या सुमारास ह्यांचे हात कापायला लागले. आधी नुसता उजवा अंगठा, मग पंजा. वैद्यांनी वात म्हणून तेल दिलं, मी रोज चोळून द्यायची, पण फरक शून्य. जाड काम व्हायचं. झाकण उघडणं, काच बसवणं, पट्टा बदलणं, यात काही अडायचं नाही. पण बारीक स्क्रू चिमट्यात धरला की तो टणकन उडायचा आणि मी ओल्या फडक्यानं फरशी पुसत बसायची. एकदा असाच उडालेला स्क्रू सापडला तेव्हा मी म्हटलं, "द्या इकडं, मीच बसवते." मी आपली चिडून म्हटलं होतं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खरंच चिमटा माझ्या हातात दिला.

मग शिकवणी सुरू झाली. डोळ्याला भिंग लावून ते पडू न देता बोलायचं कसं, श्वास पूर्ण सोडून मगच चिमटा कसा टेकवायचा, सगळं ह्यांनी दाखवलं. मी जोर लावला की म्हणायचे, "अगं, घड्याळ आहे ते, पुरणाचा उंडा नाही!" मीही काही कमी नव्हते. म्हणायची, "मग तुम्ही लाटून दाखवा की पुरणाची पोळी, बघू." दोघं हसायचो. खरं सांगते, लग्नानंतर आम्ही एकमेकांशी एवढं बोललो ते त्याच दिवसांत.

घड्याळात एक चाक सारखं इकडून तिकडं झुलत असतं. त्या चाकाच्या पोटाशी पोलादाची एक गुंडाळी असते, केसाएवढी बारीक. तिला हेअरस्प्रिंग म्हणतात. घड्याळाचा जीव तो. ती चिमट्यानं धरायची म्हणजे हात तर स्थिर हवाच, पण टेबलालाही धक्का लागून चालत नाही. आणि माझ्या हातात तर बांगड्या! त्या किणकिणल्या, टेबलावर आपटल्या की सगळं बोंबललं. म्हणून कामाला बसताना मी बांगड्या वर सारून कोपराखाली चिंधीनं घट्ट बांधून टाकायची. काढून ठेवायचं मनातसुद्धा यायचं नाही. नवरा समोर बसलेला असताना हात उघडे कोण करील, बाई?

बाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता. घड्याळ हे घ्यायचे, झाकण उघडून बघायचे, "दोन दिवसांनी या" म्हणायचे आणि पडद्याआड माझ्याकडं सरकवायचे. दोन दिवसांनी गिऱ्हाईक घड्याळ कानाला लावायचं आणि म्हणायचं, "मास्तर, हात हाय का जादू हाय?" हे म्हणायचे, "देवाची कृपा." पडद्यामागं मी पोळपाटावर लाटणं जरा जोरात आपटायची. हे रात्री म्हणायचे, "देवी म्हणायला पाहिजे होतं, चुकलंच." असं आमचं चाललं होतं. ह्यांचं नाव राहिलं होतं आणि माझे हात चालत होते. दोघांचं भागत होतं.

साताऱ्याचे एक इनामदार होते. त्यांना घड्याळांचा नाद. नाद म्हणजे केवढा, तर त्यांच्या दिवाणखान्यात शिसवी कपाट होतं आणि त्याच्या प्रत्येक खणात मखमलीवर मनगटी घड्याळं निजवून ठेवलेली. कुणी घोडे पाळतं, कुणी पहिलवान पाळतं, यांनी घड्याळं पाळलेली. त्यातली बिघडलेली घड्याळं त्यांचे कारभारी रुमालात गुंडाळून आमच्याकडं आणायचे. कारभारी मूळचे माणदेशातले, तोंडानं भारी फटकळ. दुकानात शिरले की म्हणायचे, "मास्तर, आमच्या मालकाला पोटच्या पोराची इतकी काळजी न्हाई, ह्या चाकांची हाय!"

ती घड्याळं आली की मला सण वाटायचा. आपल्या नेहमीच्या घड्याळात वरून छान दिसेल तेवढंच घासलेलं असतं. या घड्याळांचं तसं नव्हतं. आतल्या प्रत्येक पट्टीची कड तासून, आरशासारखी चकचकीत केलेली. जिथं कुणाची नजर कधी जाणार नाही तिथंसुद्धा! स्क्रूंना तापवून निळं पाणी दिलेलं, चाकांचे आस ज्यांत फिरतात त्या माणकांभोवती सोन्याचं बारीक कडं. मी ह्यांना विचारलं, "हे कुणाला दिसणार आहे हो आत?" हे म्हणाले, "तुला दिसलं ना? मग झालं." तिकडं परमुलखात कुणीतरी दिवसचे दिवस बसून एका पट्टीची कड घासली होती, आणि ती सांगलीत, चुलीजवळ बसून मी बघत होते. माझा जीव हरखून जायचा. त्या माणसानं केलेल्या कामावर आपल्या चिमट्याचा ओरखडा उमटू द्यायचा नाही, एवढं एकच माझ्या मनात असायचं. इनामदारांनी तेच ओळखलं. कारभाऱ्यांबरोबर त्यांनी निरोप धाडला, की सांगलीच्या मास्तरांनी उघडलेलं घड्याळ उघडल्यासारखंच वाटत नाही.

तो निरोप ऐकून ह्यांचा चेहरा उजळला, आणि मग हळूहळू उतरला. मी बघितलं ते. बघूनही मला आनंदच झाला होता. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

एका हिवाळ्यात कारभारी आले ते रिकाम्या हातानं. म्हणाले, "मास्तर, तुमाला साताऱ्याला बोलावलंय. चंद्राचं घड्याळ पडलं."

ते घड्याळ आम्ही ऐकून होतो. वार, तारीख दाखवायचं, आणि तबकडीच्या खालच्या अर्धगोल खिडकीत चंद्राची कला. इनामदारांनी ते लढाईच्या आधी मिळवलं होतं. ते हातातून निसटून फरशीवर पडलं आणि बंद झालं. लढाईमुळं परदेशचा एक स्क्रूही मिळत नव्हता, तिथं हेअरस्प्रिंग कुठली? घड्याळ सांगलीला धाडायला इनामदार तयार नव्हते. मागं कुठल्याशा घड्याळजीनं त्यांच्या एका घड्याळातला मूळचा भाग काढून भलताच बसवला होता. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं, हे घड्याळ उघडायचं ते आपल्या डोळ्यांसमोर.

"येतो," हे म्हणाले.

कारभारी गेल्यावर मी कपाळाला हात लावला. "येतो काय म्हणालात? डोळ्यांसमोर म्हणजे कळतंय ना तुम्हाला?"

"नाही म्हणून काय सांगू? हात कापतात म्हणू?" हे म्हणाले. "उद्या सगळ्या पेठेत होईल, की मास्तरांचा हात गेला. मग दुकानात बसून काय करू मी, माश्या मारू?"

ह्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. शेत नव्हतं, भाऊबंद विचारत नव्हते, पोरबाळ झालं नव्हतं. लोक रस्त्यानं जाताना "मास्तर" म्हणून हाक मारायचे, तेवढी एक कमाई होती. ती कशी वाचवायची हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. ह्यांना पथ्याचं खाणं लागतं, म्हणून बायको बरोबर येणार. वरचं काम हे करतील. इनामदार जेवून वामकुक्षीला गेले की मी दिवाणखान्यात शिरायचं, स्प्रिंग सरळ करायची आणि ते उठायच्या आत माजघरात परत. कारभाऱ्यांनीच एकदा सांगितलं होतं, मालकांची दुपारची झोप काही केल्या चुकत नाही.

रेल्वेनं सातारा रोड स्टेशनपर्यंत आणि पुढं सर्व्हिस मोटारीनं गेलो. पेट्रोल नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, चढ आला की उतारूंनी उतरायचं. हे उतरले की लोक म्हणायचे, "मास्तर, तुमी बसा." ओळखीचे निघायचे ना कुणीतरी! हे ऐटीत बसायचे आणि मला डोळा घालायचे.

वाड्यावर आमचं स्वागत अगदी पाहुण्यांसारखं झालं. इनामदार साठीकडं झुकलेले, आवाजानं मऊ. ह्यांना त्यांनी आपल्या शेजारी बसवून घेतलं. इनामदारांच्या बाईसाहेबांनी मला आत नेलं, आणि तिथंच आमच्या बेताला सुरुंग लागला.

सोप्यावर कासारीण टोपली घेऊन बसलेली होती. घरी आलेल्या सवाष्णीला बांगड्या भरल्याशिवाय धाडायची नाही अशी त्या घराची रीत. मी "नको, नको" म्हटलं. पण कारण काय सांगणार? बांगड्यांना नको म्हणणारी सवाष्ण कुणी बघितली आहे का? बाईसाहेब हसून म्हणाल्या, "लाजायचं काय त्यात? दोनच तर बांगड्या आहेत तुमच्या हातात, त्याही ढगळ." कासारणीनं माझा पंजा धरला, दाबला, मुडपला आणि एकेक हिरवी बांगडी चढवत गेली. जेवढी घट्ट तेवढं कासारणीचं कसब, अशी समजूत आमच्याकडं. शेवटची चढली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "आवं, कशा चापून बसल्यात बघा," ती म्हणाली. दोन्ही मनगटं गच्च भरली. मी एकदा वर सारून बघितल्या, त्या बोटभरसुद्धा हलल्या नाहीत.

जेवणं झाली. मी दाराआडून वाट बघत होते. इनामदारांनी पानाचा विडा लावला आणि म्हणाले, "मास्तर, आज झोप कसली येते? करा सुरुवात. मी बसतो समोर."

झालं!

खिडकीजवळ टेबल मांडलं होतं. हे बसले. इनामदार समोरच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून. पाणी द्यायच्या निमित्तानं मी दारात उभी राहिले, माझ्यामागं बाईसाहेब. ह्यांनी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि मला तिथूनही ते दिसलं. असं काम मी आजवर बघितलं नव्हतं. सगळ्या पट्ट्यांवर बारीक लाटा कोरलेल्या, एका पट्टीवरची लाट शेजारच्या पट्टीवर बरोबर पुढं चालू होत होती. झुलतं चाक सोन्याचं, आणि त्याच्या पोटाशी ती निळी गुंडाळी. शेवटचा वेढा वर उचलून पुन्हा आत वळवलेला. पडल्यामुळं दोन वेढे एकमेकांत अडकले होते, बाकी काही मोडलं नव्हतं. एका सुईचं आणि एका चिमट्याचं काम.

ह्यांनी चाक सोडवून घेतलं. तेवढं नीट जमलं. मी देवाचे आभार मानले. मग ह्यांनी चिमटा उचलला आणि पंजा थरथरायला लागला. ह्यांनी चिमटा खाली ठेवला, घाम पुसला. "उजेड जरा कमी आहे," हे म्हणाले. इनामदारांनी स्वतः उठून खिडकीचं दुसरं दार उघडलं. पुन्हा चिमटा. टोक स्प्रिंगला लागलं आणि वरचा वेढा वाकडा झाला. फार नाही, पण झाला. इनामदार पुढं झुकले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ह्यांनी तिसऱ्यांदा चिमटा उचलला.

आता इथं मला दोन गोष्टी करता येत होत्या, आणि त्या दोन्ही मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होत्या. घाबरून गेले, सुचलं नाही, असं काही मी म्हणणार नाही. मी गप्प उभी राहिले असते तर स्प्रिंग तुटली असती. इनामदार हळहळले असते. लढाईच्या दिवसांत, पडलेलं घड्याळ, एवढं अवघड काम. मोठमोठ्या कारागिरांच्या हातून असं होतं, कुणी कुणाला फाशी देत नाही. हे मान खाली घालून सांगलीला आले असते, पण मास्तर म्हणून आले असते.

आणि घड्याळ मेलं असतं.

मी दाराच्या चौकटीवर हात आपटले. आधी उजवा, मग डावा. एका दणक्यात फुटल्या नाहीत मेल्या, पुन्हा पुन्हा आपटावे लागले. हिरवे तुकडे सगळ्या उंबऱ्यावर उडाले. मागून बाईसाहेब किंचाळल्या, "अगं बाई! अगं, नवरा बसलाय समोर! काय करतेस हे?" आमच्यात बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. आणि मी नवऱ्याच्या देखत, भर दुपारी, परक्या घरात, एका विधवेनं करावं तसं केलं. मनगटातून रक्त येत होतं, ते मी पदरानं पुसलं.

"सरका जरा," मी ह्यांना म्हटलं.

हे सरकले. डोळ्याचं भिंग काढून ह्यांनी माझ्या हातात दिलं. ते अजून ऊबदार होतं.

नंतरचं मला नीट आठवतं तेही सांगते, कारण खरं पाप तिथं आहे. मी बसले, श्वास सोडला, चिमटा लावला आणि मला ह्यांचा विसर पडला. इनामदार, बाईसाहेब, मनगटाची आग, सगळं गेलं. एक वेढा सुटला, मग दुसरा. वाकलेला वरचा वेढा मी जरा जरा करत पूर्ववत गोल केला. चाक जागेवर बसवलं, हलकेच फुंकर घातली आणि ते झुललं. माझ्या तोंडून हसू फुटलं. अगदी मोठ्यानं हसले मी, लहान पोरीसारखी. लोक मागाहून म्हणायचे, नवऱ्याची अब्रू वाचवायला बाईनं बांगड्या फोडल्या. मी ऐकून घ्यायची. ह्यांची अब्रू वाचवायची असती तर मी दारातच उभी राहिले असते ना! मला घड्याळ वाचवायचं होतं. आणि तो वाकडा चिमटा मला सहन होत नव्हता, मग तो नवऱ्याचा का असेना.

इनामदारांनी घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ लावून धरलं. मग ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या ध्यानात सगळं आलं. "म्हणजे आजवरची सगळी..." ते म्हणाले, आणि पुढं बोलायच्या ऐवजी हसले. माणूस वाईट नव्हता. पण ते हसणं मला ऐकवेना. हे खुर्चीवरून उठले आणि हात जोडून म्हणाले, "होय. सगळी तिचीच." एवढं सरळ, एवढ्या नेटक्या आवाजात. मी मान वर करू शकले नाही.

बाईसाहेबांनी कासारणीला पुन्हा बोलावून घेतलं, माझी मनगटं धुऊन नव्या बांगड्या भरल्या, कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि देवापुढं नेऊन ह्यांच्या आयुष्यासाठी हात जोडायला लावले. मी जोडले. मनात मात्र तो वेढा फिरत होता. असलं माझं काळीज!

परतीच्या वाटेवर सातारा रोडला गाडीची वाट बघत बसलो होतो. माझ्या मनगटात काचेची एक कपची राहिली होती, ती ठणकत होती. ह्यांनी पिशवीतून चिमटा काढला आणि म्हणाले, "हात दे." मी हात दिला. चिमट्याचं टोक कपचीच्या आजूबाजूला टोचत राहिलं. मी दात खाऊन बसले. शेवटी हे म्हणाले, "राहू दे, घरी गेल्यावर काढ तूच." मग चिमटा पिशवीत ठेवत म्हणाले, "चांगलं केलंस. मी तोडलीच असती ती."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी मी हूं की चूं केलं नसतं. पण ह्यांचा स्वभावच तसा नव्हता, आणि त्यामुळं मला भांडायलासुद्धा जागा उरली नाही.

इनामदारांनी माझं कौतुक ज्याला त्याला सांगितलं. त्यांच्यासारखे आणखी नादिष्ट होते, कुणी पुण्याकडचे, कुणी कोल्हापूरचे. ते आपापली घड्याळं घेऊन आमच्या दीड माणसाच्या दुकानात यायला लागले आणि पायरीवर उभे राहून विचारायचे, "बाई आहेत का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा हेच टेबलाशी बसले होते. हे उठले, पडदा बाजूला केला आणि मला म्हणाले, "ये, बस इथं. लोक खोळंबलेत." मी म्हटलं, "तुम्ही बसा, मी आतून करते की पहिल्यासारखं." हे म्हणाले, "आता पडदा कुणासाठी?" त्या आठवड्यात ह्यांनी पडदा काढून धुवायला टाकला आणि तो पुन्हा लावला नाही.

मग मी टेबलाशी बसायला लागले. हे मला चहा आणून द्यायचे, बाजार करायचे, नदीवर जाऊन बसायचे. दुकानात फारसे थांबायचे नाहीत. रस्त्यानं जाताना लोक अजून मास्तर म्हणायचे, पण पुढं विचारायचे, "बाई हायत ना दुकानात?" मला दिसत नव्हतं असं नाही. संध्याकाळी मी ठरवायची, उद्या ह्यांना जवळ बसवून घ्यायचं, काच बसवायचं तरी काम ह्यांच्याकडं द्यायचं. सकाळ झाली की नवं घड्याळ उघडायची आणि तो दिवस तिथंच संपायचा. आत काय काय बघायला मिळायचं! एकदा तर एक असं घड्याळ आलं की कळ दाबली की किती वाजले ते घंटा वाजवून सांगायचं, एवढ्याशा मनगटी घड्याळात. दोन दिवस मी जेवले की नाही तेसुद्धा मला आठवत नाही. हे जेवले की नाही तेही नाही.

लढाई संपून पलटणीतले जवान घरी परतत होते, त्या दिवसांतली गोष्ट. हळदीच्या सौद्याचा दिवस होता. दुकानासमोर ही गर्दी! पायरीवर दोन व्यापारी, त्यांच्या मागं मेढ्याकडचा एक जवान, इटलीतून आणलेलं घड्याळ मुठीत धरून. तेवढ्यात गर्दीतून हे आले. आत न येता गिऱ्हाइकांच्या बाजूनंच पायरीवर उभे राहिले आणि आपल्या हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"बंद पडलंय," हे म्हणाले. "बघ जरा."

मी भिंग लावलं. झाकण उघडलं. चाक, स्प्रिंग, माणकं, सगळं नीट. चावी फिरवायच्या जागी बघितलं आणि मला हसूच आलं. चावी दिली की आवळते ती मुख्य कमान पार सैल पडलेली होती. "अहो, काही झालेलं नाही याला!" मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "चावीच दिलेली नाही! घड्याळजीच्या घरात घड्याळ चावीवाचून बंद, आता काय म्हणावं?"

व्यापारी हसले. जवान म्हणाला, "मास्तर, लढाईवर आमी गेलो, आन् इसरायला तुमाला झालं व्हय?" पुन्हा हशा. हेही हसले.

मी झाकण लावून घड्याळ ह्यांच्या हातात दिलं. "घ्या, द्या चावी."

ह्यांनी घड्याळ डाव्या हातात धरलं आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं नि बोटानं ती बारीकशी चावी पकडली. बोट घसरलं. पुन्हा पकडली, पुन्हा घसरलं. नख लावून बघितलं. एका व्यापाऱ्यानं मान फिरवली. किती दिवस ह्यांना ती फिरवता येत नव्हती कुणास ठाऊक. एका घरात राहून, एका ताटात जेवून मला ते कळलं नव्हतं, आणि "मला चावी देऊन दे" एवढं ह्यांना माझ्याजवळ मागता आलं नव्हतं. बिघडलंय म्हणून आणलं, तर मी उघडून सगळ्यांना दाखवलं.

"घरी देतो," हे म्हणाले. घड्याळ खिशात टाकलं. "घाई नाही काही." आणि पायऱ्या उतरून नदीच्या बाजूला चालू लागले.

मी अर्धवट उठले. उठलेच होते, खरंच. तेवढ्यात त्या जवानानं मूठ उघडली आणि घड्याळ माझ्यापुढं टेबलावर ठेवलं. "बाई, आमचंबी बघा की," तो म्हणाला. काळ्या तबकडीचं, मी कधी न बघितलेलं घड्याळ होतं ते.

मी खाली बसले आणि ते उघडलं.